आईचा कच्चा फोटो

आप्पा, परवा माझ्या मुलीनं भिंतीवरच्या फोटोकडे बघून विचारलं, "आजी एवढी गोरी होती, मग मी कुणावर गेले?" ती रंगानं थेट माझ्या आईवर गेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्यावरचा तोच जुना राग पुन्हा वर आला.

शिरूरच्या आपल्या स्टुडिओत मी एकच नियम ऐकत मोठी झाले. प्रिंट गिऱ्हाइकाची, निगेटिव्ह आपली. निगेटिव्हला बोट लागलं की तुम्ही हातावर फटका द्यायचात. "प्रिंट भिजंल, उंदीर खाईल. निगेटिव्ह हाय तवर माणूस हाय."

आईचा तो फोटो मी काढला होता, राहू गावी मामाच्या गुऱ्हाळावर, आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं. लग्नाच्या ऑर्डरी आपण नुसत्या जेपेगमध्ये घ्यायचो, कारण रॉ म्हणजे कच्च्या फायलींनी कार्ड लवकर भरायचं. त्या दिवशी मी मुद्दाम रॉ आणि जेपेग दोन्ही चालू ठेवलं. आई चुलवाणाच्या जाळाशी उभी आहे, काळा चेहरा घामानं तुकतुकतोय, हनुवटीवरचं हिरवं गोंदण उठून दिसतंय. जेपेग करताना कॅमेरा अशा चेहऱ्यातलं बरंच काही टाकून देतो. रॉमध्ये सगळं राहतं. घरी तुम्ही कुरकुरलात, "एका फोटूच्या दोन फायली? जागा काय बापाची हाय?" मी म्हणाले, "बापाचीच तर आहे." तुम्ही हसलात. मला वाटलं, समजलं तुम्हाला.

मी दौंडला मावशीकडे गेले आणि चार दिवसांनी परत आले, तर तुम्ही कॉम्प्युटर साफ केलेला. रॉ फाईल आपल्या कॉम्प्युटरवर उघडायची नाही, फोटोच्या जागी नुसता कोरा चौकोन दिसायचा. "फोटूच दिसत न्हाई, म्हंजी खराब फाईल. उडवली." आणि जी दिसत होती ती जेपेग नवऱ्या मुलींची करायचात तशी उजळून, त्याच नावानं सेव्ह केलीत, म्हणजे मूळची तीही गेली. गोंदण डाग समजून पुसलंत.

"रॉ म्हणजे निगेटिव्ह, आप्पा!" मी आयुष्यात तुमच्यावर एकदाच ओरडले. तुम्ही म्हणालात, "मला सांगायचं व्हतंस."

मी सांगायचं? तुम्हाला? न धुतलेल्या रोलवर तरी काय दिसतं? तो कधी फेकलात? अनोळखी लोकांच्या निगेटिव्ह पाकिटं करून कपाटात जपल्यात, आणि घरातल्या बाईची एक फाईल तुम्हाला जड झाली. फाईलचंही सोडा. ते गोंदण लग्नापासून रोज तुमच्यासमोर होतं. ते तुम्हाला डाग वाटलं?

आई गेल्यावर पुण्यानुमोदनाला तोच फोटो ठेवला. मामी सगळ्यांदेखत म्हणाली, "ही कुणाची बाई आणून ठिवलीय?" तुम्ही ऐकलंत आणि मेणबत्ती सरळ करत राहिलात. नंतर मी कितीदा तिचा रंग परत आणायला बसले. चेहरा काळा होत नाही, राखेसारखा होतो. एकदा पांढऱ्या झालेल्या जागेत परत आणण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही, म्हणून एक सांगते. तो उजळलेला फोटो फ्रेम होऊन घरी आला आणि आईनं पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तुम्ही दुकानात होतात. तिनं तो खिडकीशी नेला, बराच वेळ बघितला आणि पदर तोंडाला लावून हसली. "बया, ही मी? तुज्या आप्पास्नी सांगू नगं, पन मला ह्यो लई आवडला." जन्मभर तिला काळी काळी म्हणणाऱ्या कुणावर मी कधी ओरडले नाही. तुमच्यावरच ओरडले.

आज फोटो पुसून परत तिथंच लावला आहे. मुलीला अजून उत्तर दिलेलं नाही.