कोरिनची बदली

सोमवार, ४ ऑगस्ट १९४७

आले एकदाची लॉस एंजेलिसला! नेब्रास्काहून तीन दिवस बसमध्ये बसून पायांचे खांब झालेत, पण आज पायांचं कोण ऐकतंय. बसमधून उतरले ती तडक स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे एके काळचं बर्फाचं गोदाम आहे. आईला पत्र लिहिताना 'गोदाम' तेवढं गाळलं.

मालक मिलार्ड स्टॉट. टक्कल, सिगार आणि खोकला. सहा दिवसांत एक चित्रपट उरकतो. गोष्ट बहुतेक एकच: देखणी बायको, म्हातारा नवरा, तिच्या नादी लागलेला एक भोळसट बाप्या, मग खून, मग पोलीस. थिएटरवाले मोठ्या चित्रपटाच्या आधी हा लावतात. लोक जागा शोधेपर्यंत पडद्यावर पहिलं प्रेत पडलेलं असतं.

माझं काम टिपणं ठेवायचं. बाईच्या उजव्या हातात पेला असेल तर पुढच्या तुकड्यात तो डाव्या हातात दिसता कामा नये. गळ्याजवळचं एक बटण उघडं असेल तर एकच उघडं राहिलं पाहिजे. दिग्दर्शक ग्रेडीनं माझं गाव विचारलं आणि तिथून पुढं दिवसभर मला 'मक्याचं कणीस' म्हणून हाका मारल्या. मी डाव्या हातानं लिहिते हे पाहून म्हणाला, चला, कणीस वाकडंही आहे. सगळे हसले, मीही हसले. नेल्डा होग्लंड, वय चोवीस, आणि सिनेमात नोकरी. गावात कुणाला खरं वाटणार नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

आज कोरिन मॅडॉक्सला जवळून पाहिलं. आमच्या सगळ्या चित्रपटांतली खुनी बायको तीच, आणि खऱ्या आयुष्यात स्टॉटसाहेबांची बायको. पडद्यावर तिनं नुसती भुवई उचलली तरी पुरुषांचं वाटोळं होतं. इथं ती दोन शॉटांच्या मध्ये बादलीत पाय सोडून बसते आणि गुडघे दुखतात म्हणून शिव्या घालते.

तिनं मला शेजारी बसवून घेतलं. आजचा खून मला कसा वाटला ते विचारलं. मी म्हटलं, छान होता. ती हसली आणि म्हणाली, कसला छान! आमचे लेखक ठोंबे आहेत. दर वेळी बाई एखाद्या बाप्याला भागीदार करते आणि तिथंच फसते. बाप्या पितो, बरळतो, शेवटी रडत पोलिसांपुढं बसतो. अगं, भागीदारच कशाला हवा? एक साधीसुधी पोरगी घ्यावी, जिच्याकडं कुणी वळून बघत नाही. आणि तिला काही सांगूच नये.

इतकी हुशार बाई, आणि हे लेखक तिचं ऐकत नाहीत!

मग तिनं मला उभं केलं आणि पाठीला पाठ लावून उंची मोजली. केसाइतकाही फरक नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

मी आता कोरिनची बदली! लांबच्या दृश्यांत, पाठमोरं चालताना, गाडीत बसताना मी. तिचे गुडघे वाचतात. टिपणंही मीच ठेवायची, पण ती म्हणाली, तुझ्यासारखी नजर कुणाची नाही, तूच सांभाळशील दोन्ही.

केशभूषा करणाऱ्या हेट्टी पोलाकनं माझे तपकिरी केस कोरिनसारखे पिवळेधमक केले. हेट्टी पन्नाशीची, जिभेनं तिखट. औषध लावताना सारखी कुरकुरत होती की लांबच्या शॉटला टोप पुरतो, पोरीच्या डोक्याची कातडी कशाला जाळायची. जळली खरी. पण आरशात पाहिलं आणि आई शपथ, मीच मला ओळखलं नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

तोंडात कापूस आहे, म्हणून थोडक्यात.

कोरिन म्हणाली, तुझे गाल भरलेले आहेत, कॅमेऱ्याला खोलगट गाल लागतात. इथल्या कितीतरी नट्या मागच्या दाढा काढून घेतात. वर्षभरात तुला एक भूमिका मिळवून देते, पण एवढं करावं लागेल. ती स्वतः मला दंतवैद्याकडं घेऊन गेली. हात धरून बसली. वरच्या डाव्या दोन दाढा, चांगल्या धडधाकट. त्याजागी सोन्याची पट्टी बसवणार. खर्च सगळा तिचा. माझ्या सख्ख्या बहिणीनंही माझ्यासाठी एवढं केलं नसतं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

हेट्टीनं जेवणाच्या सुट्टीत मला कोपऱ्यात ओढलं. म्हणाली, पोरी, तुला डोळे आहेत ना? मग वापर. कोरिननं तिला गुपचूप तपकिरी रंग कालवायला सांगितलाय. कोणता तपकिरी, तर तुझ्या मुळांशी उगवतोय तो, हुबेहूब. पिवळ्या केसांवर जगणाऱ्या बाईला तपकिरी रंग कशाला हवा? आणि ती तुझ्याबद्दल सगळ्यांना विचारत असते. घरी कोण कोण आहे, कुणी भेटायला येतं का, लग्न ठरलंय का. मी वीस वर्षं या बायकांची डोकी धुतेय. ज्या डोक्यात काही शिजतंय ते हाताला लागतं. ऊठ, बस पकड आणि आईकडं जा.

मी म्हटलं, तुम्हाला मत्सर वाटतो. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला तिचा रागच आला.

बुधवार, २० ऑगस्ट

मी कोरिनला सांगितलं. तिच्यापासून काही लपवायचं नाही असं मी ठरवलंय. ती रागावली नाही. माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, बिचारी हेट्टी, हल्ली जरा जास्त पिते.

दुपारी हेट्टीला काढून टाकलं. सोळा वर्षांची नोकरी. तिनं तिच्या फण्या आणि कात्र्या एका टॉवेलात गुंडाळल्या आणि सगळ्यांसमोरून चालत गेली. माझ्यापाशी थांबली. वाटलं, थोबाडीत मारेल. नुसतं म्हणाली, देव तुला अक्कल देवो, बये, पण लवकर देवो.

संध्याकाळी कोरिननं मला तिचा हिरवा रेशमी झगा दिला. किती छान बसतो.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

उजव्या हातानं लिहितेय. पोराटोरासारखं अक्षर येतंय.

जिन्यावर पडले. भर दुपारी, तिचं दृश्य करताना. कॅमेऱ्याच्या भिंगावर काळी काच चढवून भर उन्हात रात्र करत होते. मी वरच्या पायरीवर, कोरिन माझ्या मागं, झग्याचा घोळ नीट करायला. पाय घसरला. डावं मनगट मोडलं, हाडाचा आवाज मीच ऐकला.

घसरला असंच लिहिते. पाठीला काहीतरी लागलं होतं. तिचाच हात असेल, मला धरायला आलेला.

ग्रेडी ओरडला की कॅमेरा चालू आहे, पडली ती फार झकास पडली, हे ठेवा.

मंगळवार, २६ ऑगस्ट

आता कोरिनच्या घरी आहे. डोंगरातल्या घळीत, शहरापासून लांब. लाकडी घर, चारी बाजूंना वाळलेलं गवत. शेजार नाही. ती मला भरवते, केस विंचरते.

आईला पत्र तीच लिहून देते. मी सांगायचं, तिनं लिहायचं. माझी जुनी पानं समोर ठेवून माझंच अक्षर काढते. म्हणते, परकं अक्षर पाहून आई घाबरेल. पहिल्या पत्राचं अक्षर कच्चं होतं. कालच्याचं मीच लिहिलंय असं मला वाटलं.

फार विचारते. आई मला लाडानं काय म्हणते, कुत्र्याचं नाव काय, बाबा कशानं गेले. मला आवडतं सांगायला. इतकं ऐकून घेणारं कुणी भेटलंच नव्हतं.

शनिवार, ३० ऑगस्ट

आज ती काहीतरी आठवून मोठ्यानं हसली, डोकं मागं टाकून. तिच्या तोंडात वर डावीकडं सोन्याची पट्टी आहे. दोन दाढांच्या जागी.

जेवताना स्टॉटसाहेबांना सहज विचारलं. ते म्हणाले, हो, लग्नाआधीच काढल्यात तिनं त्या दाढा. आणि माझ्या प्लॅस्टरकडं सिगार रोखून म्हणाले, गंमत बघ, कोरिनचंही हेच मनगट मोडलं होतं, विसाव्या वर्षी.

कोरिन भाजी वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

टिपणं ठेवणं माझं काम. केस जुळतात. उंची जुळते. दाढा जुळतात. मनगट—

सोमवार, १ सप्टेंबर

सकाळी रस्त्यापर्यंत गेले. तासभर उन्हात. एकही गाडी नाही. मग आली ती कोरिनची. दार उघडून म्हणाली, वेडी का गं तू, ऊन लागेल. पाणी पाजलं. घरी आणलं.

स्टुडिओत तिनं सांगितलंय की मी लग्न ठरलं म्हणून नोकरी सोडली. ग्रेडीनं विचारलंसुद्धा नाही म्हणे, कुणाशी.

हेट्टी कुठं राहते मला माहीत नाही. कधी विचारलंच नव्हतं.

मंगळवार, २ सप्टेंबर

स्टॉटसाहेबांना एकटं गाठून सगळं सांगितलं. म्हटलं, तिला तुमच्यापासून सुटायचंय. तुम्हाला मारेल, आणि तिच्या जागी मी मेलेली सापडेन. म्हणजे तिला कुणी शोधणारच नाही.

ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, वा, पोरी! माझे लेखक वर्षभरात असं काही देत नाहीत. लिहून काढ.

दुपारी जेवताना त्यांनी तिला ते सांगितलं. सगळं, मजा म्हणून. कणसानं काय कथा रचलीय ऐक. मी तिथंच बसले होते. कोरिन नीट ऐकत होती. मग माझ्याकडं वळून प्रेमानं म्हणाली, फार छान आहे गं. शेवट काय केलास?

बुधवार, ३ सप्टेंबर

फोनची तार तुटली आहे. वाऱ्यानं, म्हणते.

तिनं तिची लग्नाची अंगठी माझ्या बोटात घातली. हाताचा शॉट घ्यायचाय म्हणून. कोणता शॉट? कॅमेरा कुठं आहे? बोट सुजलंय, अंगठी निघत नाही. साबण लावला. निघत नाही—

माझा तपकिरी कोट खुंटीवर नाही. पेटीही नाही.

वाळवंटाकडचा गरम वारा सुटलाय. गवत करकर वाजतंय.

गुरुवार, ४ सप्टेंबर. दुपार

जेवणात लिंबाचं सरबत होतं. तिनं हातात दिलं. दाढांच्या जागी ठणका लागला म्हणून निम्मं कुंडीत ओतलं. साहेबांनी सगळं संपवलं, वर आणखी मागितलं.

जाग आली तेव्हा तिच्या खोलीत, तिच्या पलंगावर. अंगात हिरवा झगा. शेजारी साहेब. हलवलं. गार.

दाराला बाहेरून कुलूप. पट्ट्या मारून खिडक्या बंद. न्हाणीघराची एक उघडी आहे, वीतभर. डोकंही जात नाही.

दारावर धडका मारल्या. ती पलीकडं होती. म्हणाली, अरेरे, जागी झालीस होय? तुला झोपेतच जाऊ द्यायचं होतं गं, खरंच. मी रडले, हात जोडले. म्हटलं, कुणाला सांगणार नाही. ती म्हणाली, सांगशील, राणी. हेट्टीचं नाही का सांगितलंस?

मग काहीतरी ओतल्याचा आवाज. दाराखालून येतंय. पेट्रोल.

खिडकीतून दिसतेय. उताराच्या वाटेवर. तपकिरी केस. माझा कोट. माझी पेटी. चालतेय पण माझ्यासारखी, खांदे पुढं पाडून. असे दिसते मी मागून. कुणी वळून बघणार नाही.

धूर—

ही वही खिडकीतून खाली टाकते. गवत पेटायच्या आत कुणाला सापडली तर— पलंगावरची बाई कोरिन मॅडॉक्स नाही. मी नेल्डा होग्लंड. दाढा काढलेल्या आहेत. मनगट गेल्या महिन्यात मोडलंय, जुनं नाही, हाड नीट बघा—

जमीन तापली. पाय—

आई. पत्रं येत राहतील. माझं लग्न झालं म्हणून येतील, मूल झालं म्हणून येतील. माझ्याच अक्षरात. कुत्र्याची खुशाली विचारेल, खाली माझं लाडाचं नाव लिहील. आई, उत्तर देऊ नकोस, ती मी न—