कोपऱ्यातले अकरा स्क्रू

३ मे
गेल्या वर्षीच्या वादळानंतर कसेबसे टाकलेले जुने पत्रे उतरवले. टोपी काढलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसतंय घर — म्हणजे माझ्यासारखंच! पत्रेवाला बोलघेवडा आहे. "काका, वारा छपराला दाबत नाही, उपसतो. कडेला नख घालतो आणि साल काढल्यासारखा सोलत नेतो." शाळेत हा पुढच्या बाकावर नक्की नसणार. तरी किती नेमकं बोलला.

मुलीचा फोन. "बाबा, शेवटचं सांगते. गेल्या वर्षीसारखं हेही छप्पर उडालं, तर तुमचं एक ऐकणार नाही. उचलून घेऊन येईन. आमची मागची खोली रिकामीच आहे." मी नेहमीचं उत्तर दिलं. ही गेली तेव्हा सगळ्या नातलगांसमोर बोलून बसलोय — या घरातून मी आडवाच निघेन! सात वर्षं झाली त्याला.

४ मे
पत्रा आडव्या पाइपाला, पाइप कैचीला म्हणजे लोखंडी तिकोनी सांगाड्याला, कैची भिंतीला. "एकानं हात सोडला की सगळेच गेले," पत्रेवाला म्हणाला.

५ मे
पत्रे चढले. मधल्या भागात एक उंचवटा सोडून एक स्क्रू, कडेला मात्र प्रत्येक उंचवट्यावर. मधे लघु-गुरू, कडेला सगळे गुरू! खाटेवर पडून दुपारभर ड्रिल ऐकलं. पाचवीत मास्तर टेबलावर पट्टी आपटून चाल शिकवायचे. तीच चाल मी मुलीच्या पाठीवर थोपटायचो. शेवटचं कडवं मला कधीच आठवायचं नाही. ती म्हणायची, "मग परत पहिल्यापासून!"

संध्याकाळी पत्रेवाला खाली उतरला तो डोकं खाजवतच. पश्चिमेच्या कोपऱ्यात स्क्रू कमी पडले. अकरा. "मोजण्यात चुकलो. खिळे ठोकून तुम्हाला फसवणार नाही. रबरी वॉशरचेच आणतो. पण काका, माझ्या डोक्याचं काही खरं नाही. परवा सकाळी एक फोन टाका. वारा नेमका त्याच कोपऱ्यातून येतो. तो उघडा राहिला तर सगळं छप्पर जाईल." दारामागे खडूनं नंबर लिहून गेला. हाताएवढे आकडे!

७ मे
वाचनालयात जाऊन आलो. फोन राहिला.

८ मे
रेडिओवर सांगितलं, परवा दुपारी वादळी वारा. मुलीनं विचारलं, "छपराचं सगळं पक्कं झालं ना?" झालं म्हटलं.

पत्रेवाल्याला फोन करायचा तर चष्मा सापडेना. कपाटातल्या कवितांच्या वह्या पुसल्या. पिशवीत मावतात का, सहज पाहिलं. मावतात.

१० मे
वारा तीनला आला. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो, तिथून पश्चिमेचा कोपरा दिसतो. पिशवी मांडीवर. समोरच्यांचा एक पत्रा पतंगासारखा गेला. आमचा गुरगुरला, थरथरला. उठला मात्र नाही. पाचला सगळं शांत. पिशवी कपाटात ठेवली.

११ मे
पत्रेवाला छप्पर बघायला आला, मिशीत हसत. "काय काका, हललं का?" मी म्हटलं, आणि कोपरा? "तो सात तारखेलाच मारला की! तुमचा फोन नाही, म्हणून बायकोनं आठवण करून दिली. तुम्ही कुठंतरी बाहेर होतात. शिडी लावली, अकरा मारले, गेलो. आता हे छप्पर तुमच्या नातवंडांना पुरेल!"

मुलीचा फोन. "जिंकलात, बाबा! आता नाही मागे लागणार. मागच्या खोलीत शिलाई मशीन टाकते मी. उगाच किती दिवस अडवून ठेवायची?"

बरं म्हटलं.

१२ मे
दारामागचा नंबर पुसला. पहिल्याच संध्याकाळी पाठ झाला होता. आठ तारखेला चष्माही नाकावरच होता.

मशीन अजून हलवलं नसेल तिनं.