उसने आणलेले पणजोबा

३ मार्च, सोमवार

पणजोबा आले. विमानाने! आमच्या घराण्यातला विमानात बसलेला पहिला माणूस — तोही मेल्यावर, तोही खोक्यातून, तोही फक्त मानेच्या वरचा.

आम्हाला कळलं वर्तमानपत्रातून. आत्याने बातमी भिंग लावून दोनदा वाचली. तिकडच्या संग्रहालयाने इकडच्या संग्रहालयाला 'दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर' दिलेत म्हणे. आत्याने विचारलं, "उसने म्हणजे?" म्हटलं, "शेजारीण वाटीभर साखर देते तसं." ती म्हणाली, "साखर शेजारणीची असते."

माझ्याकडे गाडी चालवायला शिकणाऱ्या शिंपीणबाईंना शिकवणीच्या वेळी सगळी कथा सांगितली. (त्यांचा क्लच अजून सुटत नाही. गाडी बेडकासारखी उड्या मारते.) इथेही उतरवून ठेवते. पणजोबा हमाल होते, वेठीचे. साहेबांचं सामान डोंगरावर चढवायचं, मोबदला काही नाही. एक दिवस अर्ध्या वाटेत त्यांनी साहेबाची पेटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. ते बसले म्हणून बाकीचे बसले. साहेबाने त्यांना तिथेच गोळी घातली. पलटणीच्या डॉक्टरला डोकी मोजायचा नाद होता — कोणत्या जातीची डोकी हुकूम मानतात, कोणती नाही, असलं काही शास्त्र. त्याने आपल्याला हवं ते कापून घेतलं आणि बोटीने पाठवून दिलं. माझ्या आजोबांनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, अगदी पोरवयात बाप डोक्याशिवाय पुरला. बाकीचे पणजोबा अजून टेकडीवर आहेत.

आत्याला एवढंच हवंय — डोकं धडाजवळ जावं, आणि तिच्या डोळ्यांदेखत जावं.

५ मार्च, बुधवार

संग्रहालयात गेले. दारावरच्या शिपायाने विचारलं, "काम काय?"

"भेटायला आलेय."

"कुणाला?"

"पणजोबांना."

बिचारा गोंधळला. आत सोडायचे प्रकार तीनच — अभ्यासक, विद्यार्थी, पर्यटक. नातेवाईक हा प्रकारच नाही. शेवटी पर्यटक म्हणून गेले.

आत थंडगार. खोली सतत गार ठेवायची ही करारातली अट. आत्याला ज्या सरकारी दवाखान्यात नेते तिथला पंखा काठीने ढकलून सुरू करावा लागतो. काचेमागे एक करडं खोकं, त्याच्यावर आकडा. नाव नाही. झाकण उघडायचा हक्क फक्त तिकडून आलेल्या बाईला, तेही पांढरे हातमोजे घालून. मी तिचं नाव हातमोजे ठेवलं. तशी वाईट नाही. मी कोण ते कळल्यावर तिने मान खाली घातली.

राग आला तो आपल्याच माणसाचा. संचालक. एवढ्या उन्हाळ्यात गळा टायने आवळून बसलेला. म्हणाला, "बाई, तुमच्या भावना समजतात. पण अशा वस्तू सांभाळायची आपल्या लोकांना शिस्त नाही." वस्तू! आणि आपल्या लोकांना! साहेब गेले, पण जाताना टाय ह्याच्या गळ्यात बांधून गेले. म्हटलं, "आम्ही शंभर वर्षांहून जास्त धड सांभाळलंय, थंडगार खोलीशिवाय. कुठे हरवलं नाही." त्याने घड्याळ बघितलं.

घरी येताना विचार करत होते. मी तरी काय मोठी! रोज शिकाऊ लोकांवर ओरडते — डावीकडून, डावीकडून! डावी बाजू ठरवली कुणी? त्यांनीच. पण रस्त्याला बाजू लागते. माणसाला मालक लागत नाही. हे टायला सांगायला हवं होतं. मला उत्तरं नेहमी घरी आल्यावर सुचतात.

९ मार्च, रविवार

धाकट्या भावाशी कडाक्याचं भांडण. तो सरकारी कचेरीत, त्यामुळे त्याचा कणा नोकरीत जमा आहे. "ताई, शांत राहा. वरून फोन आलाय. सन्मानाने आणलंय ना त्यांना? काचेत ठेवलंय, लोक बघतायत. अजून काय पाहिजे?"

म्हटलं, "तुझं डोकं काचेत ठेवू? लोक बघतील."

जेवण टाकून गेला. वहिनीला उगाच त्रास.

खरं सांगायचं तर त्याचीही कीव येते. दोन मुलं, घराचे हप्ते. घाबरणं त्याने कुठून आणलं नाही, ते वारशात मिळालंय. पणजोबांच्या मागे बसलेल्या हमालांपैकी निम्मे गोळीच्या आवाजाने उठले आणि ओझी उचलून चालू लागले. त्यांचीही पणतवंडं असतीलच ना.

१२ मार्च, बुधवार

डॉक्टर म्हणाले, आत्याचं हृदय दमलंय. जिना नको, दगदग नको. आत्या म्हणाली, "दमलंय ते मलाही कळतं. थांबायचं कधी ते मी ठरवीन."

मोटारीत बसल्यावर मला हुंदका आला. तिने माझ्या गुडघ्यावर चापटी मारली. "समोर बघून चालव."

१५ मार्च, शनिवार

टाय घरी आला! स्वतः. बूट काढू की नको अशा अवघडलेल्या पायांनी.

बुधवारी समारंभ आहे. मंत्री, तिकडचा राजदूत, कॅमेरे. त्यांना घरची माणसं हवीत. तालीमही करून दाखवली: हातमोजे खोकं मंत्र्यांच्या हाती देणार, मंत्री ते आत्याच्या हाती देणार, आत्या मिनिटभर धरणार, फोटो, टाळ्या. मग आत्याने खोकं हातमोजेला परत द्यायचं, ते पुन्हा काचेत.

मी तोंड उघडणार एवढ्यात आत्या म्हणाली, "येऊ की." गोड आवाजात. तिचा गोड आवाज मी फार वर्षांनी ऐकला. टाय खूश होऊन गेला. मला आत्याचा भयंकर राग आलाय. फोटोसाठी विकली गेली म्हातारी.

१६ मार्च, रविवार

आत्याने शिंपीणबाईंना बोलावून घेतलं आणि दार लावलं. मला म्हणाली, "तू बाजारात जा." काय शिजतंय कुणास ठाऊक.

१९ मार्च, बुधवार

घाईघाईत लिहितेय. अक्षर लागलं नाही तर नाही.

सभागृह गच्च. भाषणं. 'मैत्रीचा पूल' हा शब्द इतक्यांदा आला की एव्हाना खरा पूल बांधून झाला असता. आत्या चाकाच्या खुर्चीत, मी मागे. धाकटा भिंतीला चिकटून. हातमोजेने खोकं मंत्र्यांना दिलं, मंत्र्यांनी आत्याला. आत्याने ते मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी कवटाळलं. फोटो. टाळ्या. टाळ्या संपल्या.

हातमोजेने हात पुढे केले.

आत्या हलेना.

टाय वाकून म्हणाला, "आजी, आता द्या."

"कुणाला?"

"ह्या बाईंना. करार आहे आजी, सही झाली आहे."

"मी सही केली?"

"तुम्ही नाही, सरकारने —"

"मग सरकारचे पणजोबा, आजोबा कुणी असतील ते सरकारने द्यावेत. हे माझे आहेत."

कॅमेरे चालूच. मंत्र्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायला विसरले. टायने खोक्याला हात लावला. आत्याने त्याच्याकडे फक्त पाहिलं. कॅमेऱ्यांसमोर ऐंशी पार केलेल्या बाईच्या मांडीवरून तिचा आजोबा हिसकावायचा म्हणजे काय दिसेल, ते त्याच्याही लक्षात आलं. फोटो त्यांनाच हवा होता. घ्या फोटो!

"चल," आत्या मला म्हणाली.

मी खुर्ची ढकलली. वाट आपोआप होत गेली. दाराशी दोन शिपाई आडवे. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात धाकटा भिंतीपासून सुटला, तरातरा आला आणि आपलं सरकारी ओळखपत्र वर करून म्हणाला, "बाजूला व्हा, मंत्र्यांचा आदेश आहे." माझा धाकटा! आदेश कसला नि काय! शिपाई बाजूला झाले. वरून आवाज आला की बाजूला व्हायची सवय सगळ्यांनाच. ती आज पहिल्यांदा आमच्या कामी आली.

आणि मग पळालो कशातून? माझ्या शिकवणीच्या गाडीतून. टपावर लाल अक्षरांत 'शिकाऊ'. मागे पोलिसांची जीप, पण 'शिकाऊ' बघून सगळा रस्ता दूर सरकतो, आणि सरकलेल्या गाड्यांची तिच्या वाटेत कोंडी झाली. मी एकही सिग्नल मोडला नाही. आत्याच सांगत होती, "सावकाश. त्यांना मान दुखेल."

टेकडीवर खड्डा तयार! शिंपीणबाईंच्या नवऱ्याने सकाळीच खणून ठेवला होता. बाईंनी पांढरी पिशवी शिवून आणली होती, तान्ह्याच्या अंगड्याएवढी. रविवारची खलबतं ही. मी आत्याला मनात काय काय बोलले होते! माफी मागितली तर म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं."

झाकण आत्यानेच उघडलं. उघड्या हातांनी. कपाळावरून हात फिरवला, जसं तापातल्या पोराच्या फिरवतात. म्हणाली, "बाबांनी फार वाट पाहिली तुमची." आम्ही सगळेच रडलो. धाकटा तर मोठ्याने.

पोलीस पोचले तेव्हा आम्ही माती लोटत होतो. हवालदाराने टोपी काढली आणि माती संपेपर्यंत लांब उभा राहिला.

२१ मार्च, शुक्रवार

चौकशी. ठाण्यातले साहेब म्हणाले, "परवानगीशिवाय पुरलंत." आत्या म्हणाली, "मारताना कुणाची घेतली होती?" त्यांनी पाणी मागवलं. आम्हालाही दिलं.

२४ मार्च, सोमवार

धाकटा निलंबित. मी जीव मुठीत धरून गेले, तर स्वारी मुलांना सायकल शिकवत होती. म्हणाला, "ताई, पाठ दुखायची थांबली बघ."

आत्या मात्र शांत झोपते. इतकी शांत की मी उठून श्वास तपासते.

२ एप्रिल, बुधवार

टायचा फोन. तिकडे कपाटं तपासली. पणजोबांचं खोकं जागेवरच आहे. पाठवताना शेजारचं उचललं गेलं. आपण पुरला तो दुसराच कुणी, दुसऱ्याच देशातला. उकरून द्या, बदलून देतो म्हणतायत.

आत्याला सांगायला जीभ रेटेना. सांगितलं.

"त्याला उठवायचं नाही," ती म्हणाली. "त्याच्या घरच्यांना शोध. कळव, तो आमच्यात आहे. ते न्यायला आले तर गोष्ट वेगळी."

"आणि पणजोबा?"

"त्यांना आणायला जायचं. पासपोर्ट लागेल ना मला?"

उद्या सकाळी तिला फोटो काढायला नेतेय.