ताईच्या हाडांत माझी पोरं

४ मार्च

दंडात सुई! पाच दिवस, रोज एक. आजची पहिली. चष्मेवाली सिस्टर म्हणाली, हाडं दुखतील. मी म्हटलं, हाडं दुखवायचं काम आई माझ्या लहानपणापासून करतेय. हसली नाही. चष्म्यावरून नुसतं बघितलं.

रक्त बनवायचा कारखाना हाडांच्या आत असतो म्हणे. ताईचा तोच बिघडलाय. आता औषधानं तो पुरता जाळून टाकणार आणि तिथे माझं बी पेरणार. आमचं सगळ्यांचं रक्त तपासलं. आईचं अर्धंच जुळलं. माझं दहापैकी दहा! जन्मात पहिल्यांदा पैकीच्या पैकी, तेही अभ्यास न करता.

ताई म्हणाली, "कॉपी केली असशील."

६ मार्च

कंबर, मांड्या, छाती – आतून कुणीतरी दार बडवतंय असं ठणकतंय. डॉक्टर (टक्कल चकचकीत, आवाज बारीक) म्हणाले, उत्तम! सुईनं हाडांत नव्या पेशींची गर्दी झालीय, पोरं बाहेर पडायला बघतायत.

पोरं! हे बेस्ट आहे. आपणही आता पोरंच म्हणणार.

८ मार्च

चार तास मशीनला बांधून. एका हातातून रक्त काढतात, मशीन त्यातली पोरं वेचून घेतं, बाकीचं दुसऱ्या हातात परत. दोन्ही हात अडकलेले आणि नाक खाजायला लागलं! आईला म्हटलं, खाजव. तिनं खाजवलं आणि जाता जाता चिमटाही काढला. "असा सापडतोस कधी तू," म्हणाली.

शेवटी निघाली एवढीशी पिशवी. पाव लिटरही नसेल. लाल, दाट. ती दुपारी ताईला सलाईनसारखी लावली. छातीपाशी नळी बसवलीय तिच्या, त्यातून. मला वाटलं होतं हाडाला भोक पाडतील. डॉक्टरांना विचारलं, सोडताय रक्तात, मग ती हाडात कशी जाणार?

"जातात."

"पण रस्ता कोण सांगतं?"

"हाडच हाक मारतं त्यांना."

मी गप्प. चक्क मी! आईनं घाबरून कपाळाला हात लावून बघितला.

१२ मार्च

पांढऱ्या पेशी: शून्य. पांढऱ्या म्हणजे राखणदार. ताईच्या अख्ख्या अंगात एकही नाही. जुने मेले, माझे अजून उगवले नाहीत. तोंड आतून सोलून निघालंय तिचं, थुंकी गिळवत नाही.

तिची खोली मात्र बघण्यासारखी. काचेचं काम करतो म्हणून सांगतो – दुहेरी काच, रबरपट्टी अखंड, नखाएवढी फट नाही. आमच्या दुकानाच्या खिडकीतून तर मांजर ये-जा करतं! आत जायचं तर हात धुवा, गाऊन, मास्क. आत न्यायची प्रत्येक वस्तू स्पिरिटनं पुसायची. फूल नाही, फळ नाही.

१४ मार्च

परवा दुकानात अंगठ्याला काच लागली. आज लाल, टम्म, पू. सिस्टरनं लांबूनच हाकललं, "तू बाहेर! बरा होईपर्यंत काचेतून टाटा कर." मग स्वतःच बाहेर येऊन पट्टी बांधली. म्हणाली, लाल आणि गरम झालंय ना, म्हणजे तुझे राखणदार पोचलेत. भराभर रक्त मागवतात, जंतूंना धरून गिळतात. आणि हा पू – ह्यात बहुतेक तेच असतात. लढून मेलेले.

मी आजवर पिळून बेसिनमध्ये टाकत आलो. ओ हो हो! त्यांना साधं थँक्यू कधी म्हटलं नाही.

एका अंगठ्यासाठी एवढे मेले. आणि काचेपलीकडे ताईकडे एकही नाही.

१८ मार्च

अंगठा साफ बरा. आत सोडलं. ताई चार दिवस कुणाशी बोललेली नाही. भिंतीकडे तोंड. डोक्यावर केस नाहीत, मागून आमच्या डॉक्टरांसारखी दिसते. मी हे बोललो. ढिम्म.

मग तिच्या चादरीच्या घडीत रबरी झुरळ ठेवलं.

काय किंचाळली! आणि मग हसली – सोललेल्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी, हसतेय, दुखतंय म्हणून ओरडतेय, परत हसतेय. "मर मेल्या," म्हणाली. चार दिवसांनी पहिला शब्द. आजवरच्या खोड्यांतली ही एक नंबर!

१९ मार्च

ताईला ताप. १०३.

झुरळ मी पुसलं नव्हतं. दुकानाच्या पँटच्या खिशातून काढलं आणि ठेवलं. त्या खिशात पुट्टी, मळका रुमाल, मालकाची काडेपेटी, काय काय.

जिन्यात बसलो. मग उठलो आणि सिस्टरला सांगितलं. ओरडेल असं वाटलं. तिनं हातमोजा घातला, झुरळ डबीत बंद केलं. "आणखी काही आणलं होतंस? नीट आठव." एवढंच विचारलं.

आईला पण सांगितलं. शिवी नाही, चापट नाही. नुसती खाली बसली.

२० मार्च

शून्य. ताप तसाच. थडथड उडतेय. मला आत नाही सोडलं.

२१ मार्च

१००!!! डॉक्टर कागद नाचवत आले. टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्तात शंभर पांढऱ्या, आणि सगळ्या माझ्या! तेरा दिवस पोरं कुठे होती कुणास ठाऊक, पण घर सापडलं त्यांना. हाडानं हाक मारली आणि पोरं पोचली.

रक्तातला जंतूही सापडला. ताईच्या स्वतःच्या आतड्यातला निघाला. डॉक्टर म्हणाले, "तुझं झुरळ निर्दोष सुटलं. पण पुन्हा काही आणलंस तर डबीत तुला घालीन." ते जंतू सगळ्यांच्याच पोटात असतात म्हणे. माझ्यापण. पहारा असतो म्हणून जागेवर राहतात. पहारा उठला की भिंत ओलांडून रक्तात.

मी पोट धरून बराच वेळ बसलो. दुखत नव्हतं. नुसतं धरलं. म्हणजे मी लोकांच्या सायकलींची हवा सोडत फिरत होतो, तेव्हाही आत कोणीतरी उभं होतं. जेवताना, घोरताना, शाळा बुडवताना. ना सुट्टी, ना बोंबाबोंब. आणि असल्या उनाड देहासाठी!

२४ मार्च

६००. ताप उतरला. दोन घोट पाणी न रडता प्यायली.

मी म्हटलं, "बघ, कुणाची पोरं!"

"तुझीच. म्हणून तर कामावर उशिरा आली."

४ एप्रिल

ताई घरी! तिचा रक्तगट हळूहळू बदलून माझा होणार. आणि लहानपणीच्या लसी पुढे सगळ्या पहिल्यापासून – तिच्या जुन्या राखणदारांना जे जे शिकवलं होतं ते त्यांच्याबरोबरच गेलं. सव्वीस वर्षांचं तान्हं बाळ! आई पंधरा दिवसांनी मला "गाढवा" म्हणाली. गोड वाटलं.

१३ एप्रिल

ताईच्या तळहातांवर लाल पुरळ. तळपायांवर पण. डॉक्टर म्हणाले, तुझीच पोरं. आता ताईवरच धावून जातायत. परकी वाटतेय ती त्यांना. थोडी धावली तर चांगलं, हाडांत लपून उरलेला जुना आजारही तीच मारतील. जास्त धावली तर ताईच्या जिवावर येईल. त्यांना शांत करायचं औषध वाढवलंय.

ताईला डोळा लागल्यावर तिचा हात उचलला. भाजत होता. तळव्यापाशी तोंड नेऊन हळूच सांगितलं – ए, ऐका रे. ताई आहे ती आपली.