यादीत न घातलेलं नाव

आई, तू नेपाळहून नाटकात काम करायला मुंबईला आलीस, आणि इथे तुला वर्षानुवर्षं मोलकरणीच्याच भूमिका मिळाल्या, कारण मराठी बोलताना तुझा 'तो' आणि 'ती'चा गोंधळ कधी सुटलाच नाही. बाबांशी लग्न करून पनवेलला आलीस आणि नाटक सोडलंस. मी पाचवीत असताना कायद्याचा अभ्यास सुरू केलास. कुकरच्या शिट्ट्या होताहेत आणि तू ओट्यापाशी उभी राहून, संवाद पाठ करावेत तशी कलमं मोठ्याने म्हणते आहेस, हे मला आत्ताही दिसतं. शाळेच्या पालकसभेत तू बोलायला उठलीस की मी मात्र वहीत डोकं खुपसून बसायचे.

तू वकिली करू लागलीस आणि हळूहळू तुझ्याकडे आजारी कामगारच जास्त यायला लागले. मिठागरात पायाला जखमा झालेले, दगडखाणीत छाती गेलेली माणसं. रविवारी तू उरणच्या गावांत तपासणी शिबिरं भरवायचीस. मी डॉक्टर झाले तेव्हा तुला वाटलं, आता दोघी मिळून हे काम करू. मी जासईजवळच्या एका कंटेनर गोदामाच्या दवाखान्यात नोकरी धरली. तिथे बायका रिकामे कंटेनर झाडायच्या. किडे मारायला आत सोडलेला गॅस पुरता गेलेला नसायचा. खोकत, डोळे पुसत त्या माझ्याकडे यायच्या. मॅनेजरने सांगून ठेवलं होतं, धुळीची अ‍ॅलर्जी लिहा. मी लिहीत गेले. मला कळत होतं, आई. सगळं कळत होतं.

त्याच बायका मग तुझ्याकडे आल्या. एका दुपारी तू कामोठ्याला माझ्या घरी आलीस आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून म्हणालीस, "तू फक्त खरं सांग. बाकी मी बघतो."

मी म्हणाले, "आधी 'बघते' म्हणायला शीक. कोर्ट आहे ते, तुझं नाटक नाही."

तू उरलेला चहा प्यायलीस, कप विसळून पालथा घातलास. चपला घालताना, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मोलकरणीचं काम केलं मी. खोटं काम नाही केलं."

तू माझ्या नावाने समन्स काढायला लावू शकली असतीस. पण साक्षीदारांच्या यादीत माझं नाव घातलंच नाहीस. केस चालली. बायकांना मास्क मिळाले, कंटेनर उघडून हवा जाऊ द्यायचा नियम झाला. पण आजार गॅसमुळे झाला, हे काही सिद्ध झालं नाही, कारण सगळ्या कागदांवर माझ्या अक्षरात धूळ होती. त्यानंतर दोन वर्षांनी तू गेलीस. त्या दोन वर्षांत आपण सणावाराला भेटलो, भाज्यांचे भाव बोललो, एवढंच.

नोकरी सोडून मी स्वतःचा दवाखाना टाकला, त्यालाही बरीच वर्षं झाली. गेल्या आठवड्यात त्या बायकांमधली एक तिथे आली. चार पायऱ्या चढली तर धापा टाकत होती. मला तिने लगेच ओळखलं. रागावली नव्हती, हेच मला सोसेना.

"आमी वकीलबायला लय सांगितला, त्या डॉक्टरीणबायला बोलवा," ती म्हणाली. "ती नाय म्हणाली. का नाय बोलावली तुमाला?"

मी तिला वळायला सांगितलं आणि पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला, म्हणजे तिला माझं तोंड दिसू नये. मला ठाऊक नाही, म्हणाले. वकीलबाई माझी आई होती, हेही मी तिला सांगितलं नाही.