पोती पास करणारं नाक

३ मार्च
थोरली जाऊ आज पुन्हा माझ्या वाटेला गेली. आमच्या औषधी मुळांच्या गोदामाचं दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "कालची चिनी मुळं तू पास केलीस ना? यंत्रावर लिगुस्टिलाइड निम्मंसुद्धा दाखवत नाही."

जसं काही मला ठाऊकच नाही! त्या मुळांचा उग्र वास म्हणजे तेच तेलकट द्रव्य. माल जुना झाला की उडून जातं. नाव ठाऊक नव्हतं तेव्हापासून सासऱ्यांनी मला ते नाकाने ओळखायला शिकवलंय. मूळ मोडायचं, नाकाशी धरायचं, झोंबलं की माल ताजा. वीस वर्षं हेच करतेय. हिचं यंत्र येऊन दोन वर्षं झाली नाहीत.

दार सताड उघडलं आणि हमालांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या यंत्राला सर्दी झाली असेल." सगळे हसले. तिचं तोंड एवढंसं झालं. बरं झालं.

४ मार्च
ती पोती मुद्दाम आजच रवाना केली. तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

६ मार्च
थोरलीने माझ्यापुढे दोन बशा ठेवल्या. एकीत ताजं मूळ, दुसरीत तीन वर्षं पडून राहिलेलं. "ताजं कुठलं?" म्हणे. माझी परीक्षा! डावीकडची बशी तिच्यापुढे आपटली. बरोबर की चूक, काही बोलली नाही. बशा उचलून निघून गेली.

हिला मला घरी बसवायचंय. दुसरं काय?

९ मार्च
वैद्यबाई पोतं परत घेऊन आल्या आणि सासऱ्यांच्या टेबलावर रिकामं केलं. "बाळंतिणींना हा भुसा उकळून देऊ? वास तरी आहे का याला?"

पोतं चार तारखेचंच, मी पास केलेलं. तेवढ्यात थोरली पुढे झाली. "हे पोतं मी पास केलं. चूक माझी."

सासऱ्यांनी सगळ्यांदेखत तिची खरडपट्टी काढली. यंत्राला कुलूप लावलं. आता माल फक्त माझ्या नाकाने पास होणार.

मी गप्प राहिले. का बोलू? भलेपणाचं सोंग तिचं, निस्तरू दे तिलाच. जेवण मात्र गेलं नाही.

१२ मार्च
संध्याकाळी ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होते. नवरा आला तो धावतच खिडक्या उघडायला लागला. माझ्यापासून हातभर अंतरावर दूध जळून पातेल्याचा कोळसा झाला होता. "जिन्यापर्यंत वास येतोय. तुला येत नाही?"

पातेल्यावर वाकले. काही नाही. लसूण ठेचला. फिनेलची बाटली उघडली. नाकात झोंबतं, पण वास नाही.

तशीच थोरलीकडे गेले. "तुम्हाला कधी कळलं?"

"आधी खाली बस," ती म्हणाली. मी बसले नाही. "तू तापातून उठलीस तेव्हा. सात महिने झाले. तेव्हापासून तू पास केलेलं प्रत्येक पोतं मी यंत्रावर पुन्हा तपासायची."

यंत्र बंद झाल्यापासून मी बेचाळीस पोती पास केली आहेत.