गालिच्याला पाय न लावता

२७ मे, मंगळवार

कालच्या नोंदीत एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. बाबांनी कॅसिनोत पाऊल न ठेवण्याची शपथ घेतली आहे, असं मी लिहिलं. शपथ अशी घेतलेली नाही. मी लहान होते, आम्ही गाडीतून स्ट्रिपवरून, म्हणजे कॅसिनोंच्या झगमगत्या रस्त्यावरून, चाललो होतो, मी विचारलं आत काय असतं, तर बाबा म्हणाले, "आपलं तिथे काही काम नाही." शब्द एवढेच. अर्थ शपथेचाच. आम्ही मॉर्मन, आमच्या चर्चला जुगार आणि दारू दोन्ही वर्ज्य.

बाकी सगळं बरोबर. माझा धाकटा भाऊ डॅलिन चौदा जूनला मारिसोलशी लग्न करतोय, तेही 'पोलर पॅलेस' या कॅसिनोच्या हॉटेलात. मारिसोलची आई योलांडा तिथे वर्षानुवर्षं टेबलावर पत्ते वाटते, म्हणून हॉटेलातलं चॅपल त्यांना मिळालं. चॅपल अगदी मागच्या बाजूला. मधे सगळा कॅसिनो. बाबा आले नाहीत तर डॅलिनला ते जन्मभर लागून राहील.

तो स्वतः बाबांना विचारणार होता. मी म्हटलं थांब, बाबा एकदा नाही म्हणाले की विषय संपला. आधी मी कॅसिनोच्या गालिच्याला पाय न लावता चॅपलपर्यंत जायची वाट शोधते, मग मीच विचारते.

"ब्रिन, नक्की विचारशील ना?"

माझ्यावर सोड म्हटलं.

योलांडाने स्वतःच्या नावावर दोन रात्रींची खोली घेऊन दिलीय. मला आईने घरीच शिकवलं, आणि नकाशावाचन हा माझा सर्वांत पक्का विषय. एक दिवस पुरेल.

२८ मे, दुपार

बाहेर डांबर वितळतंय, आत यंत्रातून बर्फ पडतोय. दारावरचा माणूस फरच्या कोटात घामाघूम.

खोलीची किल्ली देणारं काउंटर जुगाराच्या मशिनींच्या पलीकडे आहे. म्हणजे किल्लीसाठी गालिचा ओलांडावा लागतो. ठरवलं की संशोधनासाठी ओलांडलेलं धरायचं नाही. लिफ्टही पलीकडेच. धरलं नाही. मग टॉवेल मागायला खाली आले. तेही नाही.

राहायला येणाऱ्याला आधी माहीत असावं: खोलीत किटली नाही. घड्याळ नाही. खिडकी उघडत नाही. 'रिसॉर्ट फी' म्हणून वेगळे पैसे घेतात. कशाचे, असं विचारलं तर म्हणाले, बर्फाचे.

काउंटरमागच्या चित्रात पेंग्विन आणि पांढरं अस्वल हातात हात घालून उभे आहेत. एक दक्षिण ध्रुवावर असतो, दुसरं उत्तरेला, त्यांची जन्मात भेट होत नाही, हे मी तिथल्या मुलीला नम्रपणे सांगितलं. तिने साहेबांना बोलावलं. साहेबांनी फार गंभीरपणे ऐकलं आणि एका ड्रिंकचं कूपन दिलं. चित्र काढणार का, विचारलं. दुसरं कूपन दिलं.

२८ मे, संध्याकाळ

खोलीतल्या फ्रीजमध्ये दारूच्या छोट्या छोट्या बाटल्या. हे बरं दिसत नाही. एकेक उचलली, टॉवेलात गुंडाळून कपाटात मोज्यांखाली ठेवली. आता फ्रीजमध्ये फक्त माझं दूध. मन शांत आहे. जाताना परत जागच्या जागी ठेवीन, कुणाला कळणारही नाही.

२९ मे, गुरुवार

सकाळ वाया. कुठलाही बाण कुठेही नेवो, शेवटी मशिनींपाशीच नेतो. 'चॅपल'चा बाणसुद्धा. ओटिस नावाच्या सुरक्षारक्षकाला विचारलं, मधून न जाता मागे जायची वाट आहे का. तो म्हणाला, "ताई, इथे मयत झालं तरी ते मशिनींमधूनच नेतात." मग त्यानेच खालच्या आवाजात विचारलं, तुमच्या माहितीतलं कुणी गेलंय का.

दुपारी यश. चादरींची ढकलगाडी नेणाऱ्या बाईच्या मागे गेले. वाट अशी: पार्किंगचा सर्वांत वरचा मजला, तिथून सामानाची लिफ्ट, लाँड्री, हॉटेलात पाळलेल्या पेंग्विनांच्या मासळीचं कोठार, बर्फाच्या यंत्रामागची शिडी, की थेट चॅपलचं मागचं दार. गालिचा कुठेच नाही.

शिडी एकच आहे. बाबांचा गुडघा दुखतो, पण शिडी चढताना मुख्य भार हातांवर येतो. कोठारात वास आहे, पण लग्नाच्या दिवशी फुलं असतील.

परत येताना कोठारात ओटिस भेटला. त्याने मला बाहेर आणून सोडलं. मशिनींमधून. हेही धरलं नाही.

३० मे, शुक्रवार

एक तांत्रिक अडचण.

बाटल्या जागेवर ठेवायला फ्रीज उघडला. खाली गेले तर बिलावर प्रत्येक बाटली. व्हिस्की, जिन, व्होडका, सगळं. फ्रीजला म्हणे आतून डोळा असतो, बाटली हलली की प्यायली असं धरतात. मी त्या दोनदा हलवल्या होत्या. त्या हिशोबाने मी सगळ्या बाटल्या दोनदा प्यायले.

खोली योलांडाच्या नावावर, म्हणून निरोप तिला गेला. ती टेबल सोडून धावत आली. मला कडेला नेलं, हात हातात घेतला. म्हणाली, "पोरी, तुम्ही मॉर्मन लोक तर कॉफीसुद्धा पीत नाही ना? कधीपासून चाललंय हे?"

मी मोज्यांपासून सुरुवात केली. मोज्यांचं ऐकून तिला जास्तच काळजी वाटली. शेवटी साहेबांनी खोलीत जाऊन बाटल्या पाहिल्या, बिल रद्द केलं आणि तिसरं कूपन दिलं. योलांडाने ते माझ्या हातून हळूच काढून घेतलं. तिची खात्री पटली आहे, असं मी समजते.

१ जून, रविवार

आज चर्चनंतर बाबांना विचारायचं होतं. पण ते खुर्च्या आवरत होते. मग जेवत होते. मग वर्तमानपत्र होतं. घाई करून चालणार नाही.

आई म्हणाली, बाबांनी नवा टाय आणला होता आणि काल तो दुकानात परत करून आले. मी पाहते आहे, ते मनाने सगळ्यातून अलिप्त होत चालले आहेत. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता.

डॅलिनचा फोन: विचारलंस? मी म्हटलं, वातावरण तयार करतेय.

५ जून, गुरुवार

बाबा बोलिंग खेळून आले. ते गुरुवारी नेहमी खुशीत असतात, म्हणून आजचाच दिवस निवडला. टेबलावर माझा नकाशा उलगडला. पार्किंग, लाँड्री, मासळी, शिडी, सगळं समजावलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

मग विचारलं, हे सगळं कशासाठी. म्हटलं, तुम्हाला कॅसिनोतून चालत जावं लागू नये म्हणून.

बाबांनी चेंडूची पिशवी खाली ठेवली. "ब्रिन, दर गुरुवारी मी बोलिंगला कुठे जातो असं तुला वाटतं?"

आपल्या घरामागच्या कॅसिनोत, म्हणाले. मशिनींमधून सरळ, मग डावीकडे. चर्चमधले सगळेच जातात. बिशपसुद्धा. आईकडे पाहिलं, तर ती म्हणाली, अगं, सिनेमाही तिथेच लागतो, आणि मंगळवारची कोळंबीही तिथलीच. मला कुणी का सांगितलं नाही, विचारलं. आई म्हणाली, "तूच कधी गाडीतून उतरली नाहीस. पुस्तक वाचते म्हणायचीस."

'आपलं तिथे काही काम नाही' चं काय? बाबांना आठवेना. म्हणाले, आपल्याला तेव्हा दंतवैद्याकडे जायला उशीर होत असेल.

मग त्यांनी नकाशावरच्या शिडीवर बोट ठेवलं.

"मला गालिच्याचं काही नव्हतं. पोराने मला बोलावलंच नाही. म्हटलं, त्यांच्याकडची मंडळी मोठी, हसरी. आपण तिथे अवघडून जाऊ म्हणून टाळत असेल."

तेव्हा मी डॅलिनला थांबवल्याचं सांगितलं. सगळं. मोजे सोडून.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. मी लावून दिला. डॅलिनचं ऐकू आलं नाही. बाबा दोनदा "हो" म्हणाले, एकदा "येतो रे", आणि नाक शिंकरायला बाहेर गेले. आत येऊन आईला म्हणाले, तो टाय दुकानात अजून असेल का बघ.

मग मला विचारलं, "आणि तू कशी येणार? शिडीवरून?"

मी हसले. मला गालिच्याचं काहीच वाटत नाही, हे इथे स्पष्ट नोंदवते. बाबांच्या गुडघ्यासाठी कुणीतरी हात धरायला हवा, एवढंच. म्हणून ठरलं: पुढचं दार, मशिनींमधून सरळ, डोळे उघडे. आणि हे धरायचं.

शनिवार, चौदा जून.